राखेखालची धग: इसब आणि रक्तातला टार्क

इसबाचा जुना रुग्ण ओळखायचा असेल, तर कातडीच्याही आधी त्याची नखे पाहावीत. ती चकचकीत असतात, आरशासारखी गुळगुळीत, कडांना किंचित झिजलेली. अनोळखी माणसाला वाटते, काय निगुतीने हात राखलेत! प्रत्यक्षात ती झिलई वर्षानुवर्षे अंग चोळून आणि खाजवून आलेली असते. त्वचारोगतज्ज्ञ अशा कितीतरी खुणा शिकलेले असतात. भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात, खालच्या पापणीखाली एक जादा घडी पडते, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीतली कातडी जाड होऊन तिच्यावर रेघांची जाळी उमटते. या खुणांवरून आजार आहे एवढे कळते. पण आज, या घडीला, तो आत किती पेटलेला आहे हे त्यांतली एकही खूण सांगत नाही.

मधुमेह्याला साखरेचा आकडा असतो, रक्तदाबाच्या रुग्णाला वरचा आणि खालचा आकडा असतो. इसबाच्या रुग्णाजवळ पिढ्यान् पिढ्या फक्त शब्द होते: ‘फार खाज येते’, ‘यंदा जास्तच आहे’, ‘रात्री झोप नाही’. शब्दांवर विश्वास ठेवणारा भेटला तर ठीक, नाहीतर ‘खाजवू नकोस म्हणजे बरे होईल’ हा सल्ला ठरलेला. अशा आजाराची तीव्रता रक्ताच्या नळीतून आकड्यात सांगता यावी, ही गेल्या पाव शतकातली गोष्ट आहे आणि तिचे मोठे प्रकरण जपानमध्ये घडले. ते मुळापासून सांगण्यासारखे आहे.

मराठीत ज्याला आपण सरसकट इसब म्हणतो, त्यात त्वचेच्या दाहाचे अनेक प्रकार येतात. त्यांतला सर्वांत चिवट, बहुधा तान्हेपणी सुरू होणारा, दम्याशी आणि सततच्या शिंकांशी नाते सांगणारा प्रकार म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस. ‘ॲटोपी’ हा शब्द १९२३ साली आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक या अमेरिकी डॉक्टरांनी रूढ केला. त्यासाठी त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांची, एडवर्ड पेरी यांची मदत घेतली होती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा नसलेला, विचित्र. पुढे १९३३ साली फ्रेड वाइज आणि मॅरियन सल्झबर्गर यांनी त्वचेच्या या आजाराला ते नाव जोडले. जपानी लोक तर आजाराला नुसतेच ‘आतोपी’ म्हणतात. तिथल्या घरांत तो शब्द आपल्याकडच्या ‘शुगर’ आणि ‘बीपी’इतका रुळलेला आहे.

डोळ्यांनी मोजमाप करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९९३ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी ‘स्कोराड’ नावाची मोजपट्टी तयार केली. किती टक्के अंगावर चट्टे आहेत, लाली, सूज, ओल, ओरखडे, जाडी, कोरडेपणा किती आहे, शिवाय रुग्णाच्या मते खाज आणि झोपमोड किती आहे, हे सगळे एका सूत्रात बसवून जास्तीत जास्त १०३ गुण. २००१ साली दुसरी पट्टी आली, तिचे नाव ‘इझी’. डोके-मान, हात, धड आणि पाय असे शरीराचे चार भाग करायचे, प्रत्येक भागात लाली, फुगवटा, ओरखडे आणि जाडी यांना शून्य ते तीन गुण द्यायचे, किती भाग व्यापला आहे त्याने गुणायचे. सगळ्याची बेरीज ७२च्या पुढे जात नाही. नवी औषधे पारखताना आजही जगभर हीच पट्टी वापरतात.

या पट्ट्यांमागचे कष्ट मोठे आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण त्या डोळ्यांच्या आधाराने चालतात. एकाच चट्ट्याला एक डॉक्टर दोन गुण देतो, दुसरा तीन. ‘लाली’ हा शब्दच गोऱ्या कातडीकडे पाहून ठरवलेला. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर हीच लाली जांभळट, करडी किंवा नुसती काळपट दिसते. कधी तर लाली दिसतच नाही, केसांच्या मुळांशी बारीक पुरळ तेवढे हाताला लागते. सावळ्या मुलाचा आजार मोजपट्टीवर आहे त्यापेक्षा सौम्य भरतो तो यामुळे. याबद्दल त्वचारोगतज्ज्ञांनीच वेळोवेळी सावध केले आहे. आणि मुख्य अडचण त्याहून खोल आहे. मलमाने वरची कातडी आठवड्याभरात निवळते. डोळा म्हणतो, बरे झाले. चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा आग उठते. राखेखाली निखारा होताच, फक्त तो दिसत नव्हता.

मग रक्त का तपासू नये? हा विचार जुना आहे. अंगात कुठे दाह असेल तर डॉक्टर ईएसआर करायला सांगतात. नळीत रक्त उभे ठेवायचे आणि तासाभरात लाल पेशी किती खाली बसतात ते मोजायचे. दुसरी तपासणी सीआरपीची. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. दोन्ही तपासण्या गुणी आहेत, पण त्या वेगळ्या जातीच्या दाहासाठी: जंतुसंसर्ग, सांधे सुजवणारे संधिवात. ॲटोपिक इसबात अर्धे अंग सोललेले असतानाही सीआरपी बऱ्याचदा जवळपास नेहमीचाच येतो. रुग्णाने अहवाल हातात धरून म्हणावे, ‘सगळे नॉर्मल आहे म्हणतात, मग मला हे काय होतेय?’ तर त्याचे चुकत नाही. आग वेगळी असली की धूरही वेगळा निघतो.

ॲलर्जीच्या वाटेने जाणारा दाह रक्तात काहीतरी ठेवून जातो, याचा पहिला पुरावा १९२१चा. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात, जे आज पोलंडमधले व्रोत्सवाफ आहे, हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेली मासळी बाधत असे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना ती बाधत नव्हती. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला निवळ द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. गांध उठली. मित्राची ॲलर्जी एका थेंबातून आपल्या अंगावर आली होती! तो थेंबातला पदार्थ कोणता, हे कळायला पुढे पंचेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेत डेन्व्हरला काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली तो वेगळा ओळखला. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या पाठीवर सुया टोचून घेतल्या. हा पदार्थ म्हणजे आयजीई. स्वीडनमध्येही जवळपास त्याच काळात दुसऱ्या गटाला तो सापडला आणि १९६८ साली त्याचे नाव पक्के झाले.

आपल्याकडे इसबाच्या रुग्णाला आजही सर्रास सांगितली जाते ती हीच तपासणी. आकडा हजारांत येतो आणि घरचे घाबरतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आयजीई ही शरीराची ॲलर्जीकडे असलेली ओढ दाखवते. ती बनवणाऱ्या पेशी दीर्घायुषी असतात, त्यामुळे त्वचा निवळली तरी आकडा महिनोन् महिने तिथेच रेंगाळतो. शिवाय इसब असलेल्या बऱ्याच जणांची आयजीई पहिल्यापासूनच वाढलेली नसते. म्हणून ‘आयजीई वाढली, आजार वाढला’ हे गणित मांडून झोप उडवून घेऊ नये. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची मोजणी यापेक्षा जराशी जवळची आहे, पण तिला दमा आणि पोटातले जंतही हलवतात.

हवे होते ते वेगळेच. दाह चालू असताना, दाहाच्याच कामासाठी बनणारा, आणि दाह थांबला की झटकन ओसरणारा रेणू.

तो सापडला १९९६ साली, ओसाकात, शिओनोगी या औषध कंपनीच्या संशोधन संस्थेत. तोशिओ इमाई, ओसामु योशिए आणि त्यांचे सहकारी काही इसबाचा शोध घेत नव्हते. ते पांढऱ्या पेशींना इकडून तिकडे बोलावणाऱ्या छोट्या प्रथिनांच्या, केमोकाइनांच्या मागे होते. उत्तेजित केलेल्या पांढऱ्या पेशींत त्यांना असे एक नवे प्रथिन मिळाले. छातीतल्या थायमस ग्रंथीत ते एरवीही बनत होते. त्यावरून त्याचे लांबलचक इंग्रजी नाव पडले आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘टार्क’. पुढे केमोकाइनांना क्रमांक मिळाले तेव्हा ते सीसीएल-१७ झाले. अवघ्या ७१ अमिनो आम्लांची ही साखळी. पुढच्याच वर्षी याच गटाने ती साखळी पेशीवरच्या कुठल्या कुलपात बसते तेही दाखवले. कुलपाचे नाव सीसीआर-४.

हे कुलूप कोणाच्या दारावर असते? दुसऱ्या प्रकारच्या मदतनीस टी पेशींच्या, आणि त्यांतही ज्यांना त्वचेकडे जायचे असते त्यांच्या. इथे सगळे धागे जुळतात. निरोगी त्वचेत फिलाग्रिन नावाचे प्रथिन वरच्या थराला घट्ट आणि ओलसर ठेवते. ते बनवणाऱ्या जनुकात खोट असेल, तर इसबाचा धोका बराच वाढतो. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी हे २००६ साली सिद्ध केले. अशा विरविरीत झालेल्या भिंतीतून धूळ, परागकण, साबण, जंतू आत शिरतात. त्वचेतल्या पेशी धोक्याची खूण करतात, टी पेशी येतात आणि इंटरल्युकिन-४ व इंटरल्युकिन-१३ हे निरोप सोडतात. ते निरोप पोचले की त्वचेतल्या पेशी टार्क बनवू लागतात. टार्क जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगाला चिकटून बसते. रक्ताच्या ओघात घरंगळत चाललेली टी पेशी त्या जागी अडखळते, थांबते आणि भिंतीतून वाट काढून त्वचेत उतरते. उतरली की तीही तेच निरोप सोडते, आणखी टार्क बनते, आणखी पेशी येतात. नदीघाटावर उभे राहून कोणी नावेला हाळी द्यावी आणि आलेल्या प्रत्येक नावेतल्या माणसाने उतरून पुन्हा पुढच्या नावेला हाळी द्यावी, तसा हा प्रकार चालतो.

हाळी जितकी मोठी, तितकी ती लांबवर ऐकू जाते. त्वचेत बनलेल्या टार्कचा काही भाग रक्तात वाहून जातो आणि दंडातून घेतलेल्या नळीत सापडतो. या तपासणीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. डॉक्टरचा डोळा एका वेळी एकच चट्टा पाहतो. मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर कातडी असते, केसांखाली, घड्यांत, पाठीवर, आणि ती सगळी रोज कोण बघणार? रक्त मात्र त्या सगळ्या कातडीखालून फिरून, साऱ्या अंगाची बेरीज करून येते.

ही बेरीज आजाराशी खरोखर जुळते का, हे टोकियो विद्यापीठाच्या त्वचारोग विभागातल्या काकिनुमा, साएकी, तामाकी आणि सहकाऱ्यांनी पाहिले. २००१ साली त्यांनी दाखवले की ॲटोपिक इसबाच्या रुग्णांत टार्क निरोग्यांपेक्षा आणि सोरायसिसच्या रुग्णांपेक्षाही वाढलेले असते, इसब जितके जोरात तितके ते जास्त असते आणि उपचाराने त्वचा सुधारली की उतरते. सोरायसिसशी केलेली तुलना महत्त्वाची होती. सोरायसिसही जुनाट, अंगभर पसरणारा दाह आहे, पण तिथली टोळी वेगळी आणि निरोपही वेगळे. दिसायला दोन्हीकडे लाल खपल्या, रक्तात मात्र दोन वेगळ्या भाषा.

आता हे मोजतात किती सूक्ष्म प्रमाणात ते पाहा. मोठ्या निरोगी माणसाच्या रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये टार्क ४५० पिकोग्रॅमहून कमी असते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. हिशेब असा करता येईल: अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही थोडा हलका असा साखरेचा एक बारीक कण गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत टाकून ढवळला, तर त्या पाण्यात साखरेचे प्रमाण साधारण इतके होईल. तेवढी साखर ओळखायची, आणि नुसती ओळखायची नाही तर आज ४५० आहे की ७०० ते सांगायचे! यासाठी दोन प्रतिपिंडांचा सापळा वापरतात. एक प्रतिपिंड टार्कला एका बाजूने धरून ठेवते, दुसरे उलट बाजूने येऊन चिकटते आणि आपल्याबरोबर रंग किंवा प्रकाश देणारी खूण आणते. जितका प्रकाश तितके टार्क. सुरुवातीच्या संचांना तास लागत. २०१४ नंतर जपानी रुग्णालयांत आलेल्या यंत्रांवर हे काम सुमारे १७ मिनिटांत होते. सकाळी रक्त दिलेल्या रुग्णाचा आकडा तपासणीच्या वेळी डॉक्टरसमोर असतो.

प्रयोगशाळेतल्या माणसाला इथे एक पथ्य सांभाळावे लागते. रक्त गोठवणाऱ्या पट्टिका पेशींत, म्हणजे प्लेटलेटांत, टार्कचा साठा असतो. नळीतले रक्त गोठते तेव्हा या पेशी आपला साठा सोडतात. नळी बाकावर तशीच पडून राहिली, वेळेत फिरवून निवळ वेगळी केली नाही, तर आकडा वाढलेला येऊ शकतो आणि तो त्वचेचा नसून नळीचा असतो. म्हणून दर वेळी एकाच पद्धतीने, ठरलेल्या वेळेत निवळ काढावी लागते. इतके नाजूक माप सांभाळणाऱ्या त्या निनावी तंत्रज्ञांचा हात रुग्णाच्या बरे होण्यात असतो, याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही.

जुलै २००८ मध्ये जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात टार्कची तपासणी बसली. ॲटोपिक इसबाची तीव्रता ठरवण्यासाठी, महिन्यातून एकदा. ही तारीख मला मोलाची वाटते, कारण ती आली तेव्हा जपानमधले इसबाचे रुग्ण एका मोठ्या गोंधळातून बाहेर पडत होते. १९९०च्या दशकात तिथे स्टिरॉइड मलमांविरुद्ध भीतीची लाट आली होती. दूरचित्रवाणीवर, मासिकांत स्टिरॉइडचे दुष्परिणाम असे रंगवले गेले की हजारो घरांत मलमाच्या नळ्या कचऱ्यात गेल्या. त्यांच्या जागी खास पाणी, तेले, कसल्या कसल्या पुड्या आणि महागडे ‘नैसर्गिक’ उपचार आले. कानाझावा विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ काझुहिको ताकेहारा यांनी या धंद्याला ‘आतोपी बिझनेस’ असे नाव देऊन त्याविरुद्ध उघडपणे लिहिले. मलम अर्धवट सोडलेली मुले सर्वांगाने सोलून निघालेल्या अवस्थेत रुग्णालयात येत होती.

आपल्याकडे चित्र थोडे उलटे आहे आणि तेही वाईटच. इथे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली कडक स्टिरॉइडची मिश्र मलमे गजकर्णावरही लावतात आणि चेहऱ्यावरही. पण इसब झालेल्या बाळाची आई ‘स्टिरॉइड’ हा शब्द ऐकून मागे सरते, ते मात्र तिथल्यासारखेच. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट हरवलेली असते: किती लावायचे, किती दिवस लावायचे आणि कधी थांबायचे याचे माप.

ते माप टार्कने दिले. समजा, चार वर्षांचे मूल आले आहे. दोन्ही हातापायांवर चट्टे, रात्री झोप नाही. रक्तात टार्क ५,२००. या वयाला ७४३च्या आत हवे. आईला मलम लावायची रीत शिकवली जाते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून पिळलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या कातडीला पुरते. हे माप १९९१ साली ब्रिटनमधल्या लाँग आणि फिनले यांनी दिले. बऱ्याच घरांत याहून कितीतरी कमी मलम लावले जाते, भीतीने पुसट बोट फिरवले जाते. आता भरपूर लावायचे, रोज, आंघोळीनंतर. दोन आठवड्यांत कातडी मऊ होते, मूल झोपू लागते. पूर्वी इथेच मलम थांबायचे. आता पुन्हा रक्त काढतात. टार्क १,६००.

तो कागद आईपुढे ठेवून डॉक्टर बोलतात. कातडी स्वच्छ दिसते आहे, हात फिरवला तर मात्र थोडी भरड लागते, आणि आत अजून हाळी चालू आहे. म्हणून मलम एकदम सोडायचे नाही. रोजचे दिवसाआड करायचे, मग आठवड्यातून दोनदा, चट्टा दिसत नसला तरी त्याच जुन्या जागांवर. या पद्धतीला ‘प्रोॲक्टिव्ह’ उपचार म्हणतात, आणि जर्मनीत आंद्रेआस वोलेनबर्ग यांच्यासारख्यांनी तिचा पाया भक्कम केला. दोन-तीन महिन्यांनी आकडा ६००वर आला की आईला दिसते की आपण लावलेल्या प्रत्येक पट्टीचे काहीतरी झाले. आणि उतरलेला आकडा बघून मलम कमी करता येते, हे तिला आणखी मोठे समाधान देते. भीती घालवायला उपदेश फार कमी पडतो. घसरत गेलेल्या तीन आकड्यांची रेघ तिला पटते.

मोठ्यांच्या बाबतीत जपानी डॉक्टर साधारण ७०० ही रेघ धरतात. तिच्याखाली सौम्य, वर मध्यम किंवा तीव्र. अंगभर पेटलेल्या रुग्णात हा आकडा हजारांत, कधी पाच अंकी असतो. लहान मुलांत निरोगी असतानाही तो जास्त असतो, म्हणून त्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. सहा महिने ते एक वर्षाच्या बाळाला १,३६७पर्यंत, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ९९८पर्यंत चालते. मोठ्यांची ४५०ची रेघ तान्ह्याला लावून घाबरून जाणे ही साधी पण मोठी चूक ठरेल. मुलांसाठी आता आणखी एक जोडीदार आहे. सागा विद्यापीठातल्या केंजी इझुहारा यांच्या कामातून आलेली एससीसीए-२ ही चाचणी. हे प्रथिन त्याच इंटरल्युकिन-४ आणि १३च्या सांगण्यावरून त्वचेच्या पेशी बनवतात, आणि ते वयाबरोबर टार्कइतके हेलकावे खात नाही.

टार्क पाहून इसबाचे निदान करू नये, हे जपानी तज्ज्ञ निक्षून सांगतात. म्हातारपणी अंगावर फोड आणणाऱ्या बुलस पेंफिगॉइडमध्ये, औषधाच्या एका भयानक प्रतिक्रियेत, त्वचेतल्या टी पेशींच्या कर्करोगातही ते चढते. हॉजकिन लिंफोमात तर गाठीतल्या कर्करोगी पेशी स्वतःच टार्क बनवतात आणि आपल्याभोवती टी पेशींचा गराडा गोळा करतात. कोविडच्या काळात टोकियोच्या संशोधकांना उलटीच गोष्ट आढळली. ज्यांचा आजार पुढे गंभीर होणार होता, त्यांच्यात टार्क सुरुवातीपासून कमी होते. त्यानंतर जपानी विम्याने २०२१ साली याच चाचणीला त्या कामासाठीही मान्यता दिली. एकच रेणू, एकीकडे चढला की वाईट, दुसरीकडे उतरला की वाईट. अहवाल वाचताना समोरचा रुग्ण पाहावाच लागतो तो यासाठी.

नव्या औषधांनी आणखी एक बारकावा आणला आहे. २०१७ साली अमेरिकेत मंजुरी मिळालेले डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्युकिन-४ आणि १३ दोघांचीही वाट अडवते. ते घेतले की टार्क वेगाने कोसळते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण टार्क बनवायला सांगणाऱ्याचाच गळा धरलेला असतो. उलट खाजेच्या इंटरल्युकिन-३१ला थोपवणारे, जपानमध्येच घडलेले नेमोलिझुमॅब दिले तर खाज थांबते, पण टार्क त्या प्रमाणात उतरेलच असे नाही. कोणत्या वाटेने आग विझवली आहे हे ठाऊक असेल तरच आकडा बरोबर वाचता येतो.

जपानबाहेर या विषयावर सर्वांत कसून काम नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला झाले. २०१५ साली तिथल्या युडिथ थेइस, मार्योलाइन द ब्राउन-वेलर आणि सहकाऱ्यांनी तोवर जगभर छापून आलेले २२२ लेख चाळले. इसबाची तीव्रता सांगू शकतील अशा ११५ पदार्थांची नावे त्यांत होती. सर्वांत भरवशाचा ठरला टार्कच. पण एकट्याच्या साक्षीवर न थांबता त्यांनी चार पदार्थांचा मेळ घालून रक्तावरूनच ‘इझी’चा आकडा ओळखण्याचे सूत्र बांधले. टार्क, त्याचाच भाऊबंद पार्क, इंटरल्युकिन-२२ आणि इंटरल्युकिन-२चा रक्तात मोकळा फिरणारा ग्राहक. याच गटाने बोटाला टोचून कागदावर टिपलेल्या, वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातूनही टार्क मोजून दाखवले. त्या ठिपक्याला ना नळी लागते, ना बर्फ. तो पाकिटात घालून टपालाने पाठवता येतो. शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोचायला एसटीने अर्धा दिवस घालवणाऱ्या माणसांच्या मुलखात या वाळलेल्या ठिपक्याचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

तरी दंडात सुई खुपसणे तान्ह्या बाळाला नकोच. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला संशोधकांनी त्याहून सौम्य वाट धरली. नवजात बाळांच्या आणि दोन महिन्यांच्या बाळांच्या स्वच्छ, निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर पारदर्शक चिकट चकत्या लावल्या, हलकेच उचलल्या आणि त्यांना चिकटून आलेल्या अदृश्य पापुद्र्यांत प्रथिने शोधली. दोन महिन्यांच्या वयाला ज्यांच्या पापुद्र्यांत टार्क वाढलेले होते, त्यांना पुढच्या दोन वर्षांत इसब होण्याचा धोका जास्त निघाला. पुरळ नाही, खाज नाही, आईने बाळाचा गाल गालाला लावला तर लोण्यासारखा मऊ लागतो. आणि त्या मऊपणाच्या आत कुठेतरी पहिली हाळी घातली गेलेली असते, ती एका चकतीवर उमटून येते.

टोकियोच्या राष्ट्रीय बालआरोग्य केंद्रातल्या युकिहिरो ओह्या आणि सहकाऱ्यांनी याच वयाच्या, सात ते तेरा आठवड्यांच्या, इसब सुरू झालेल्या सहाशेहून अधिक बाळांवर, त्वचेचा दाह वेळीच शमवला तर अन्नाची ॲलर्जी टळते का हे पाहणारा प्रयोग केला. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांच्या त्वचेचा दाह सुरुवातीलाच नेटाने शमवला, त्यांच्यात अठ्ठावीस आठवड्यांच्या वयाला अंड्याची ॲलर्जी ३१.४ टक्के बाळांना निघाली, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत ४१.९ टक्के. जोरदार उपचारांनी बाळांच्या वजन-उंचीत थोडी घट झाल्याचेही त्यांनी त्याच लेखात प्रामाणिकपणे नोंदवले. आता त्यांना तेवढेच फळ कमी मलमात मिळवायचे आहे, आणि मलमाची पट्टी नेमकी किती लांब पिळायची हा प्रश्न पुन्हा आईच्या तर्जनीच्या पेरावर येऊन थांबला आहे.